भाषेत अडकणाऱ्या मुलाची आयक्यू टेस्ट: कुठली, कधी आणि कशी निवडायची

मुलाला बोलायला उशीर झालाय, किंवा बोलतंय पण वाक्यं तुटक, सांगितलेलं अर्धंच कळतंय, आणि शाळेने नाहीतर डॉक्टरांनी सांगितलंय की एकदा आयक्यू करून घ्या. मग घरात शोधाशोध सुरू होते आणि मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न येतो, "सगळ्यात चांगली टेस्ट कुठली?" याला उत्तर नाहीये हो. एका मुलाला जी टेस्ट न्याय देते तीच दुसऱ्याला पार झोपवते. टेस्टच्या आकड्यावरून पुढे काय ठरणार आहे आणि मूल भाषेत नेमकं कुठे अडकतंय, या दोन गोष्टी कळल्या की टेस्ट निवडणं बऱ्यापैकी सोपं होतं, म्हणून मी त्याच क्रमाने सांगते.

त्याआधी गडबड कुठे होते ते बघा. मुलांसाठी जगभर सगळ्यात जास्त वापरली जाणारी टेस्ट म्हणजे वेक्सलरची, जिला सगळे विस्क म्हणतात. तिची पाचवी आवृत्ती २०१४ ची, ६ वर्षं ते १६ वर्षं ११ महिन्यांपर्यंतच्या मुलांसाठी. त्यातला एकूण आयक्यू ७ सबटेस्टमधून निघतो. त्यातल्या २ सरळसरळ भाषेच्या, एकीत शब्दांचे अर्थ सांगायचे आणि दुसरीत दोन गोष्टींत सारखं काय ते सांगायचं. तिसरीत ऐकलेले आकडे तसेच, मग उलटे, मग चढत्या क्रमाने म्हणून दाखवायचे, म्हणजे कान आणि जीभ दोन्ही लागतात. उरलेल्या चारमध्ये बोलायला लागत नाही पण काय करायचं ते तोंडीच सांगितलं जातं.

आता "सारखं काय" वाला प्रकार जवळून बघू. (उदाहरण माझं आहे, टेस्टमधले खरे प्रश्न कुठेही उघड करायचे नसतात.) समजा विचारलं, सायकल आणि होडी यांच्यात सारखं काय? भाषेत अडकलेलं मूल हाताने पॅडल मारल्यासारखं करतं, मग वल्ही मारल्यासारखं करतं, मग "ते... आपण... जातो ना" म्हणून थांबतं. म्हणजे दोन्हीने आपण कुठेतरी जातो हे त्याला पक्कं माहितीये. पण "दोन्ही वाहनं आहेत" म्हणणाऱ्या मुलाला पूर्ण २ मार्क आणि याला मोडकंतोडकं बोलल्याबद्दल १, कधी शून्यही. असं दहा प्रश्नांत झालं की रिपोर्टमध्ये लिहून येतं की मुलाची अमूर्त विचार करण्याची क्षमता कमी आहे. खरं तर विचार तिथे होता, फक्त तोंडातून बाहेर आला नाही.

स्टेप १: टेस्ट कशासाठी करताय ते एका वाक्यात लिहून काढा

खरंच कागदावर लिहा. "शाळेने सांगितलं म्हणून" हे कारण धरत नाही मी. साधारण तीन कारणं निघतात. एक, बौद्धिक अक्षमता आहे का ते बघायचंय. दोन, शाळेत सवलत किंवा वेगळी मदत मिळवायचीय. तीन, स्पीच थेरपी सुरू करायचीय आणि कोणीतरी म्हटलं की आधी आयक्यू बघू.

तिसरं कारण असेल तर थांबा. बऱ्याच वेळा त्यासाठी आयक्यूची गरजच नसते. पूर्वी असा नियम पाळायचे की मुलाचा नॉनव्हर्बल (म्हणजे न बोलता करायच्या भागांवरून काढलेला) आयक्यू निदान ८५ तरी हवा, तरच त्याच्या भाषेच्या अडचणीला वेगळं निदान म्हणायचं, नाहीतर "मुळात बुद्धीच कमी" म्हणून बाजूला. २०१६ आणि २०१७ मध्ये कॅटालाइज नावाच्या प्रकल्पात वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी सहमतीने जे ठरवलं त्यात ही अट काढून टाकली. आज ज्याला विकासात्मक भाषा विकार म्हणतात तो साधारण ७ टक्के मुलांमध्ये सापडतो, म्हणजे ३० मुलांच्या वर्गात दोनेक मुलं, आणि ते निदान करायला भाषा आणि बुद्धी यांच्यात मोठा फरक दाखवावा लागत नाही. त्यामुळे "आयक्यू कमी आलाय, थेरपीचा उपयोग नाही" असं कोणी सांगितलं तर सरळ दुसरं मत घ्या.

पहिलं कारण असेल तर एक लक्षात ठेवा, बौद्धिक अक्षमतेचं निदान नुसत्या आयक्यूवर करता येत नाही. स्कोअर साधारण ७० च्या आसपास किंवा खाली (चूकभूल धरून ६५ ते ७५ चा पट्टा) आणि त्यासोबत रोजच्या जगण्यातली कौशल्यंही कमी, आणि हे सगळं लहानपणापासून, असं असेल तरच. ही रोजची कौशल्यं मोजायला पालकांची मुलाखत घेतात, व्हाइनलँड नावाची स्केल त्यासाठी खूप वापरतात. त्यातही एक पाचर आहे. तिच्यात संवादाचा एक भाग असतो आणि भाषेच्या अडचणीचं मूल तिथे कमी येणारच, म्हणून कपडे घालणं, स्वतःची स्वच्छता, खेळात मिसळणं हे भाग वेगळे काढून बघायला सांगा.

स्टेप २: आधी कान

हे लहान वाटतं पण याशिवाय पुढे जाऊच नका. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या, अगदी "हाक मारली की बघतो" असं असलं तरी. कानाच्या पडद्यामागे पाणी साठणारी मुलं एका आठवड्यात नीट ऐकतात आणि पुढच्या आठवड्यात नाही, त्यामुळे घरच्यांना पत्ता लागत नाही. चष्म्याचंही बघून घ्या, कारण बिनशब्दांच्या टेस्टमध्ये सगळा भार डोळ्यांवर येतो. रंग ओळखण्यात घोळ असेल तर तोही टेस्ट घेणाऱ्याच्या कानावर घाला.

स्टेप ३: अडकतंय कुठे? समजण्यात की सांगण्यात?

टेस्टची निवड सगळ्यात जास्त यावर ठरते. आणि इथेच पालकांचा अंदाज सगळ्यात जास्त चुकतो, कारण "त्याला सगळं कळतं हो, फक्त बोलत नाही" हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकते तितक्या वेळा ते खरं निघत नाही. मूल शब्द नाही, तुमचे डोळे वाचतं. तुम्ही म्हणता "बूट घाल" आणि त्याच वेळी तुम्ही दारात उभे असता, पिशवी खांद्यावर असते, नजर बुटांवर असते. त्याला शब्द कळायची गरजच काय!

घरी एक करून बघा. हात मागे बांधा, नजर मुलाच्या चेहऱ्यावरच ठेवा, वस्तूकडे अजिबात बघू नका, आणि रोजच्या रुटीनमध्ये नसलेलं काहीतरी सांगा, जसं की "बूट कपाटावर ठेव आणि मग उशी आण". एकदाच सांगा. मूल उशीच घेऊन आलं, किंवा तुमचे हात शोधत बसलं, किंवा शेवटचा शब्द परत म्हणत उभं राहिलं तर समजण्यातही गडबड असू शकते. हे काही निदान नाही, निदान स्पीच थेरपिस्ट करेल, आणि माझा आग्रह असा की भाषेची तपासणी आयक्यूच्या आधी व्हावी म्हणजे टेस्ट निवडणाऱ्याच्या हातात काहीतरी असेल. पण सायकॉलॉजिस्टला सांगायला तुमच्याकडे एक ठोस गोष्ट तयार झाली.

सोबत हेही सांगा: घरात वेगळी आणि शाळेत वेगळी भाषा आहे का, अनोळखी माणसासमोर मूल पूर्ण गप्प होतं का, हात नीट चालतात का (ठोकळे जुळवणं, पेन्सिल धरणं), एका जागी किती वेळ बसतं.

स्टेप ४: आता टेस्ट

नावं बरीच आहेत, पाठ करायची गरज नाही. भाषेची गरज किती, त्यावरून मी त्यांचे गट करते.

मूल समजतं बऱ्यापैकी पण सांगता येत नाही, अशा वेळी विस्कच करून त्यातला नॉनव्हर्बल इंडेक्स काढता येतो (इंडेक्स म्हणजे एका प्रकारच्या सबटेस्ट एकत्र करून काढलेला स्कोअर). हा ६ सबटेस्टवर निघतो आणि एकातही तोंडाने उत्तर द्यावं लागत नाही. फायदा असा की त्याच बसणीत भाषेचे भागही घेता येतात आणि दोन्ही शेजारी ठेवून बघता येतं. पण सूचना तोंडी असतात हे विसरू नका. समजण्यात अडचण असलेल्या मुलाला हा इंडेक्स लावून "नॉनव्हर्बल टेस्ट केली" असं लिहिलेले रिपोर्ट येतात, ते मला पटत नाहीत. लहान मुलांसाठी याच घरातली विप्सी, चौथी आवृत्ती, अडीच वर्षं ते ७ वर्षं ७ महिने, तिचंही गणित साधारण तसंच.

भाषेच्या अडचणीत या दोन टोकांच्या मधे असलेल्या मुलांसाठी माझी आवडती म्हणजे कौफमन पती-पत्नीची के-एबीसी, दुसरी आवृत्ती २००४ ची, वय ३ ते १८. हिच्यात एक सोय आधीपासून करून ठेवलीये. टेस्ट दोन पद्धतींनी घेता येते, एकीत शब्दज्ञान आणि सामान्यज्ञान धरतात आणि दुसरीत, जिला लुरिया पद्धत म्हणतात, ते वगळतात. भाषेच्या अडचणीच्या मुलाला दुसरी. आणि हे टेस्ट सुरू करायच्या आधी ठरवायचं असतं, दोन्ही करून बघून जो स्कोअर जास्त तो घ्यायचा असं नाही चालत. शिवाय सुरुवातीचे काही प्रश्न शिकवण्याचे असतात, तिथे मुलाला कळलं नाही तर टेस्ट घेणारा वेगळ्या शब्दांत किंवा करून दाखवून समजावू शकतो. पूर्ण खुणांनी घेता येईल असा एक नॉनव्हर्बल भागही आहे.

समजण्यातही मोठी अडचण, किंवा ऐकू येत नाही, किंवा टेस्टची भाषाच मुलाला येत नाही, तर पूर्ण बिनशब्दांची टेस्ट हवी. लायटर-३ (२०१३ ची, ३ वर्षांपासून पुढे) ही त्यातली जुनी जाणती, मूळ टेस्ट जवळपास शंभर वर्षांपूर्वीची. टेस्ट घेणारा एक शब्द बोलत नाही. समोर चित्रांची पट्टी ठेवतो, एक ठोकळा उचलून चित्राजवळ नेतो, भुवया वर करून प्रश्नार्थक बघतो, मान हलवून नाही म्हणतो, ठोकळा दुसऱ्या खाचेत टाकतो, मान डोलावतो, आणि बाकीचे ठोकळे मुलाकडे सरकवतो. पाच मिनिटांपूर्वी खुर्चीखाली लपलेलं मूल इथे हळूच हात पुढे करतं, कारण इथे कोणी त्याला काही विचारत नाहीये. युनिट नावाच्या टेस्टची दुसरी आवृत्ती ५ ते २१ वर्षांसाठी, तिच्यात ठरवून दिलेल्या आठ खुणाच वापरायच्या. वेक्सलरची स्वतंत्र नॉनव्हर्बल स्केल (२००६, वय ४ ते २१) सूचनाच चित्रांतून देते. आणि एसओएन-आर, जिची सुरुवात १९४३ मध्ये नेदरलँड्समध्ये नान स्नायडर्स-ओमेन यांनी बहिऱ्या मुलांसाठी केली होती, तिच्यात मुलाला उत्तर बरोबर की चूक ते लगेच दाखवतात, त्यामुळे करायचं काय ते मुलाला खेळता खेळताच कळत जातं. लहान आणि बुजऱ्या मुलांना ही मानवते.

राहिल्या नुसत्या आकृत्यांच्या टेस्ट, रेव्हन आणि टोनी. रेव्हन १९३८ ची, लहान मुलांसाठीची रंगीत आवृत्ती १९४७ ची, ३६ चित्रं, प्रत्येकात एक तुकडा गायब आणि खाली ६ पर्याय. बोट दाखवलं की झालं. स्वस्त, पटकन होते, म्हणून सर्रास वापरतात. माझं मत: चाळणी म्हणून ठीक, निकाल म्हणून नाही. एक तर ती एकाच प्रकारची क्षमता बघते. दुसरं, मूल नुसतं कुठेही बोट ठेवत गेलं तरी ३६ पैकी ६ च्या आसपास बरोबर येणारच, आणि उतावळं मूल नेमकं तसंच करतं, त्यामुळे कमी स्कोअर म्हणजे कळलं नाही की बघितलंच नाही हे आकड्यावरून सांगता येत नाही. याच एका टेस्टवर कोणी मुलाला कायमचं लेबल लावत असेल तर मान्य करू नका.

हाताच्या हालचालींत अडचण असेल तर उलटा विचार करायचा, ठोकळ्यांच्या टेस्ट टाळायच्या आणि बोट किंवा नजरेने उत्तर देता येईल अशाच घ्यायच्या. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांत हे फार येतं.

स्टेप ५: टेस्ट घेणाऱ्याला फोनवरच विचारायचे प्रश्न

लाजू नका, चांगला सायकॉलॉजिस्ट चिडत नाही.

- कुठली टेस्ट, कितवी आवृत्ती? जुनी आवृत्ती असेल तर स्कोअर फुगून येतो, कारण लोकांची कामगिरी पिढ्यांगणिक वाढत आलीये, दशकाला साधारण ३ पॉइंट, याला फ्लिन इफेक्ट म्हणतात. वीस वर्षं जुन्या नॉर्म्सवर (म्हणजे ज्या मुलांच्या कामगिरीशी तुलना करून स्कोअर देतात त्या आकड्यांवर) मूल सहा पॉइंट वर दिसू शकतं, आणि ७० च्या काठावर सहा पॉइंट म्हणजे सगळंच.
- ज्या मुलांवरून नॉर्म्स काढलेत ती आपल्या मुलासारखी होती का? भाषा, समाज, शिक्षण?
- सूचना कुठल्या भाषेत देणार? "मी जागेवर भाषांतर करून विचारते" असं उत्तर आलं तर भाषेच्या भागाचा आकडा विसरा. शब्द बदलला की प्रश्नाची काठिण्यपातळी बदलते, आणि तुलना मात्र मूळ भाषेतल्या मुलांशी होते.
- अशी मुलं आधी तपासलीयेत का? लायटर, युनिट वगैरे घेणं हाताच्या सवयीचं काम आहे, पेटी विकत घेतली म्हणून येत नाही.

आणि मुलाची अलीकडे तीच टेस्ट झाली असेल तर सांगून टाका. वर्षभराच्या आत तीच परत केली तर सवयीने स्कोअर चढतो, ठोकळे आणि आकृत्यांच्या भागात विशेष.

स्टेप ६: टेस्टचा दिवस

झोप झालेली, सर्दी नसलेली, चष्मा आणि कानाचं मशीन चालू. शक्यतो सकाळ, आणि दमलं तर दोन दिवसांत विभागून. इंटरनेटवर मिळणाऱ्या आयक्यूच्या कोड्यांचा सराव कृपया करून घेऊ नका, पैसे तुमचे आणि फसवणूकही तुमचीच. बोलकं मूल म्हणून दाखवायचा मोह होतो, बाहेर बसून आत "अगं सांग ना" ओरडणारे आईबाबाही असतात, तेवढं टाळा.

स्टेप ७: रिपोर्ट आला, आता काय वाचायचं

सगळ्यांची नजर पहिल्यांदा एकाच आकड्यावर जाते. तो हाताने झाका. खालचे इंडेक्स वाचा. समजा असं लिहिलंय: भाषा ६८, दृश्य-अवकाश ९८, तर्क ९५, स्मरण ७२, वेग ८४. सरासरी १०० असते आणि ८५ ते ११५ मध्ये सुमारे ६८ टक्के मुलं येतात. म्हणजे आकृती आणि तर्कात हे मूल चारचौघांसारखं आहे, भाषेत आणि लक्षात ठेवण्यात बरंच मागे. याच मुलाचा एकूण आयक्यू काढला तर तो ८० च्या आसपास कुठेतरी येईल, आणि तो आकडा या मुलाच्या कुठल्याच बाजूचं वर्णन करत नाही. इंडेक्समध्ये इतकी दरी असली की एकूण आकडा जपून वाचावा असं रिपोर्टमध्येच लिहायला हवं. नसेल लिहिलं तर विचारा.

आकड्याशेजारी पट्टा दिलेला असतो, जसं ९५ आणि कंसात ८८ ते १०२, त्याला कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात. आकडा नाही, पट्टा लक्षात ठेवा. गेल्या वेळी ९५ आणि आता ९१, मूल मागे गेलं का, असं विचारत पालक येतात, तर नाही, ते दोन्ही त्याच पट्ट्यात आहेत. सहा वर्षांच्या आतले स्कोअर तर तसेही पुढे बरेच हलतात.

आता उलट बाजूची एक गोष्ट, जी पालकांना आवडत नाही. नॉनव्हर्बल स्कोअर चांगला आला की "हाच त्याचा खरा आयक्यू" असं धरून चालतात. तसं नाही. बिनशब्दांची टेस्टसुद्धा पूर्ण बिनभाषेची नसते, मोठी मुलं आकृती सोडवताना मनातल्या मनात, कधी ओठ हलवत, "आधी गोल, मग चौकोन, मग दोन गोल" असं पुटपुटतात, ज्याच्याकडे ते आतलं बोलणं नाही तो तिथेही थोडा मागे पडतो. आणि शाळा तर सगळी भाषेतच चालते. नॉनव्हर्बल १०२ असलेलं मूल गणिताच्या शाब्दिक उदाहरणात अडकणारच, मग शिक्षक म्हणतात की हुशार आहे पण आळशी आहे. हे ऐकून मला राग येतो. भाषेचा कमी आकडा लपवायचा नाहीये, तो वेगळा दाखवायचाय, कारण मदत त्याच्यावरच मिळणार आहे.

आधीच चुकीची टेस्ट होऊन गेली असेल तर

बरेच जण हे वाचत असतील तेव्हा हातात एकच आकडा आणि निदानाचा एक जड शब्द असलेला कागद असेल. पूर्ण टेस्ट लगेच परत करायची धावपळ नको. आधी सबटेस्टचे स्कोअर मागा, ते रिपोर्टमध्ये नसले तरी टेस्ट घेणाऱ्याच्या फॉर्मवर असतातच. विस्क झाली असेल आणि नॉनव्हर्बल इंडेक्सला लागणाऱ्या सबटेस्ट घेतल्या असतील तर तो त्याच फॉर्मवरून काढता येतो, मुलाला परत बसवावं लागत नाही. नसतील, तर दुसऱ्या ठिकाणी फक्त पूर्ण खुणांची एखादी टेस्ट आणि सोबत रोजच्या कौशल्यांची मुलाखत, एवढंच मागा. ती वेगळी टेस्ट असल्याने वर्षभर थांबायचीही गरज नाही. जाताना स्पीच थेरपिस्टचा रिपोर्ट सोबत न्या आणि आधीचा आयक्यूचा आकडा टेस्ट संपेपर्यंत सांगू नका, झाली टेस्ट हे सांगा, कुठली ते सांगा, आकडा नंतर. नवीन रिपोर्टमध्ये कुठली टेस्ट का निवडली याची दोन ओळी तरी लिहून मागा, शाळेत तोच कागद दाखवताना त्या दोन ओळी कामाला येतात.